डोंबिवली ते नागपूर: सासूबाई, दोन मुलं, १९ वर्षांचं घर. मे अखेरीस हलवू का?

फडके_रोड_जवळ

नमस्कार मंडळी. नवऱ्याची नागपूरला बदली झाली आहे. मिहानमधल्या (नागपूरच्या दक्षिणेकडचा कंपन्यांचा पट्टा) ऑफिसात १ जूनला हजर व्हायचं आहे. आम्ही पाच जण: आम्ही दोघं, सासूबाई (वय ७८), मुलगी नववीत जाईल आणि मुलगा सहावीत. दोघंही स्टेट बोर्ड, सेमी इंग्रजी. डोंबिवली पूर्वेला १९ वर्षं एकाच घरात राहतोय, दुसरा मजला, लिफ्ट नाही. घर स्वतःचं आहे, ते भाड्याने देऊ.

मी मनाशी असं ठरवलं होतं: २४ मेला ट्रक भरायचा, त्याच रात्री आम्ही सगळ्यांनी गाडी पकडायची, म्हणजे १५ जूनला शाळा सुरू होण्याआधी तीन आठवडे हाताशी राहतील. सामान हलवणाऱ्या तिघांकडून दर घेतले: ४८,०००, ३६,००० आणि १९,५००. तिसऱ्याने घर न बघता फोनवरच दर सांगितला आणि निम्मे पैसे लगेच मागितले.

खरी काळजी सासूबाईंची आहे. त्यांना काचबिंदू आहे, उजव्या डोळ्याने जवळजवळ दिसत नाही. रात्री दिवा न लावता पलंगापासून न्हाणीघरापर्यंत भिंतीला हात लावत जातात. नऊ पावलं. मी कितीतरी वेळा जागी राहून ऐकली आहेत. नव्या घरात पहिल्याच रात्री त्या पडल्या तर, हा विचार डोक्यातून जात नाही. त्यात त्यांच्या ११ चिनीमातीच्या बरण्या, पाटा-वरवंटा, सासऱ्यांनी १९७४ साली करून घेतलेलं सागवानी कपाट आणि तुळस. "बरण्या येणार नसतील तर मीही येत नाही," एवढंच एकदा म्हणाल्या. तेव्हापासून या विषयावर गप्प आहेत.

काय न्यायचं, काय सोडायचं, कधी निघायचं? ज्यांनी म्हातारं माणूस बरोबर घेऊन घर हलवलं आहे त्यांनी जरूर लिहा.

खामल्याचा_रहिवासी

ताई, आधी तारीख बदला. बाकी सगळं नंतर.

२५ मेच्या आसपास आमच्याकडे नागपूरला नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस, लागतो. पारा ४५ च्या घरात जातो, रात्रीसुद्धा भिंती तापलेल्या असतात. तुम्ही दमट हवेतून येणार. डोंबिवलीत घाम येतो म्हणून तहान कळते. इथल्या कोरड्या उन्हात घाम अंगावरच वाळतो आणि अंगातलं पाणी कमी झालेलं माणसाला समजत नाही. ७८ वर्षांच्या बाईंना अशा आठवड्यात नव्या घरी आणायचं, तेही कूलर बसलेला नसताना? मी माझ्या आईला आणलं नसतं.

दुसरं म्हणजे शाळा. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उशिरा उघडतात. २०२५ मध्ये बाकी महाराष्ट्रात १६ जूनला उघडल्या, आमच्याकडे २३ जूनला. म्हणजे तुम्ही १५ जून धरून बसला आहात ते डोंबिवलीचं वेळापत्रक झालं. तुमच्या हातात आठवडाभर जास्त आहे.

घर बघताना सगळ्यात वरचा मजला घेऊ नका, भाडं कितीही कमी असू द्या. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री दोनपर्यंत खोलीत आग ओततो. पश्चिमेकडे तोंड असलेली खोली आजींना देऊ नका. कूलरसाठी खिडकीला बाहेरून लोखंडी स्टँड आहे का आणि खिडकीची जाळी निघते का, ते घरमालकाला आधीच विचारा. मोठा कूलर उन्हाळ्यात दिवसाला चार-पाच बादल्या पाणी सहज पितो, म्हणून पाणी किती वेळ येतं हा प्रश्न इथे भाड्याइतकाच महत्त्वाचा आहे. मनपाचा नळ आहे की बोअर, की टँकर, हे शेजाऱ्याला विचारा, दलालाला नको. शहराच्या कडेच्या नव्या वस्त्यांमध्ये इमारती चकाचक असतात पण टँकर लागतो.

मिहानला जायचं असेल तर वर्धा रोडच्या पट्ट्यात पाहा: सोमलवाडा, मनीषनगर, छत्रपती चौक. मेट्रोची ऑरेंज लाईन तिथूनच खापरीकडे जाते.

नऊ_बदल्या

माझे यजमान बँकेत होते. आम्ही नऊ वेळा घर हलवलं, त्यातल्या चार वेळा सासूबाई बरोबर होत्या. म्हणून जरा अधिकाराने लिहिते.

१९,५०० वाल्याला फोनच करू नका. घर न बघता दर देणारा माणूस ट्रक अडवून पैसे वाढवून घेतो. आमच्या सहाव्या बदलीत असंच झालं. ट्रक गावाबाहेर उभा, आणि "सामान जास्त निघालं, १२,००० अजून द्या, मगच दार उघडेन." दिले. मुलं उपाशी होती, काय करणार. त्यानंतर मी कधीही सामानाची यादी हातात आल्याशिवाय पैसे दिले नाहीत. घरी येऊन बघणारा घ्या, प्रत्येक खोक्याला नंबर, यादीवर दोघांच्या सह्या, आणि दर ठरवतानाच विचारा: ट्रक पूर्ण आपला की दुसऱ्याचंही सामान त्यात? मजला चढवण्याचे वेगळे पैसे लावणार का? तुमच्याकडे लिफ्ट नाही, ते पैसे शेवटी सांगतात. वाटेतल्या नुकसानीचा विमा काढा, आणि कपाटाची किंमत त्यात वेगळी लिहा.

भिंतीत ठोकलेलं प्लायवूडचं काही असेल तर ते भाडेकरूसाठी सोडा. एकदा उकललं की स्क्रू पुन्हा धरत नाहीत. सागवानी कपाट मात्र न्याच. १९७४ चं सागवान आहे, आणि त्याला त्यांचा हात लागलेला आहे.

बरण्यांचं सांगते. लोणचं भरलेली बरणी ट्रकमध्ये द्यायची नाही, तेल झिरपून खालची सगळी खोकी जातात. आतलं लोणचं डब्यांत काढा, बरण्या धुऊन उन्हात कडक वाळवा, प्रत्येकीला जुन्या सुती साडीत गुंडाळा, आत वर्तमानपत्र कोंबा, आणि डोंबिवलीतून निघण्यापूर्वी सासूबाईंनाच त्या गुंडाळू द्या. हात चालत असतील तर हे काम त्यांचंच. माझ्या सासूबाई पहिल्या बदलीत चार दिवस रडल्या, कारण आम्ही त्यांना पलंगावर बसवून त्यांच्यादेखत त्यांचं घर बांधलं. दुसऱ्या वेळी मी त्यांना देवघर आणि मसाल्याचा डबा बांधायला दिला. त्या वेळी रडल्या नाहीत. कुठल्या खोक्यात काय आहे हे मीच त्यांना विचारत होते.

आणि ती नऊ पावलं. ट्रक आधी जाऊ द्या, सासूबाई नंतर. त्या पोहोचतील तेव्हा त्यांची खोली लागलेली हवी. पलंगाची उशी ज्या बाजूला, त्याच बाजूला. उठल्यावर भिंत डाव्या हाताला लागत असेल तर तिथेही डावीकडेच. पलंगाखालचा चपलांचा जोड, तांब्या, जपमाळ, सगळं त्याच उंचीवर, त्याच हाताला. चादरसुद्धा धुतलेली नवी घालू नका, निघताना होती तीच घाला.

ठाण्याहून_आलेली

आम्ही पाच वर्षांपूर्वी आलो, तेव्हा कागदपत्रांत बराच वेळ गेला. तुमचा वाचावा म्हणून लिहिते.

गॅस: भरलेला किंवा रिकामा, कुठलाच सिलिंडर ट्रकमध्ये टाकू नका. डोंबिवलीच्या एजन्सीत सिलिंडर आणि रेग्युलेटर जमा करा, अनामत परत मिळते, आणि ट्रान्सफरचा कागद घ्या. तो दाखवून इथे नवीन जोडणी मिळते. त्यात काही दिवस जातात, तोवर इंडक्शन शेगडी हाताशी ठेवा.

मुलांचा शाळा सोडल्याचा दाखला घेताना नावाचं स्पेलिंग आणि जन्मतारीख आधारशी जुळते का ते शाळेच्या खिडकीपाशीच तपासा. माझ्या मुलाच्या दाखल्यात एक अक्षर चुकलं होतं आणि त्यासाठी परत ठाण्याला जावं लागलं. मुलीची नववी आहे ते बरं, याच वर्षी हलवा. दहावीच्या मध्यावर शाळा बदलणं फार अवघड. पुस्तकं बालभारतीचीच आहेत, तिला नवं काही शिकावं लागणार नाही.

गाडी असेल तर एमएच ०५ चा नंबर बदलायची गरज नाही, राज्य तेच आहे. फक्त आरसीवरचा पत्ता ३० दिवसांत बदलून घ्यायचा. मतदार यादीसाठी नमुना ८ भरा. या सगळ्याला नव्या पत्त्याचा पुरावा लागतो, म्हणून घरमालकाकडून नोंदणी केलेला भाडेकरारच घ्या, साध्या स्टॅम्पवर थांबू नका. महाराष्ट्रात नोंदणी सक्तीची आहे आणि ती जबाबदारी कायद्याने मालकाची आहे. तुमचं डोंबिवलीचं घर भाड्याने देताना हीच गोष्ट तुम्हाला लागू होते. सोसायटी भाडेकरू ठेवण्याबद्दल जे शुल्क घेते ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त असू शकत नाही, हेही माहीत असू द्या.

सासूबाईंना फॅमिली पेन्शन असेल तर बँकेची शाखा बदलण्याचा अर्ज निघण्यापूर्वीच द्या. आणि डोळ्यांच्या डॉक्टरांची फाईल ट्रकमध्ये नको, तुमच्या पर्समध्ये. काचबिंदूच्या थेंबांच्या दोन महिन्यांच्या बाटल्या बरोबर घ्या, थंड डब्यात.

एका गोष्टीत मात्र खामलेकरांशी माझं जमत नाही. तारीख पुढे ढकलून जूनच्या मध्यावर ट्रक भरायचा म्हणजे डोंबिवलीत भर पावसात जिन्यावरून गाद्या उतरवायच्या. आमच्या गाद्या तशाच भिजल्या आणि इथे आल्यावर फेकल्या.

फडके_रोड_जवळ

सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री जेवणानंतर नवऱ्याला आणि मुलांना सगळं वाचून दाखवलं, सासूबाईही ऐकत होत्या. बरण्यांचा परिच्छेद आला तेव्हा म्हणाल्या, "साड्या माझ्या ट्रंकेत आहेत, खालच्या बाजूला." दोन आठवड्यांत पहिल्यांदा त्या या विषयावर बोलल्या.

असं ठरलं: ट्रक ३० मेला, पावसाआधी, ३६,००० वाल्याचा. तो घरी येऊन बघून गेलाय. नवरा सामानाबरोबर पुढे जाईल, कूलर, गॅस आणि आईंची खोली लावेल. आम्ही चौघं ठाण्याला जाऊबाईंकडे राहू आणि तिकडे पहिला पाऊस झाला की कल्याणहून विदर्भ एक्स्प्रेसने निघू. आरक्षण आता ६० दिवस आधीच उघडतं, म्हणून दोन वेगवेगळ्या तारखांची तिकिटं काढून ठेवली आहेत, दोन्हींत आईंना लोअर बर्थ मिळालाय. तुळस माझ्या मांडीवर.

एक विचारायचं राहिलं. पाटा-वरवंटा न्यावा का? २२ किलो आहे.

खामल्याचा_रहिवासी

न्या ताई. आणि थंडीसाठी रजया घेऊन ठेवा, डोंबिवलीच्या चादरींवर इथला डिसेंबर निघत नाही. कूलरचं गवत नवं घालून घ्या म्हणावं साहेबांना, मागच्या भाडेकरूचं जुनं गवत वास मारतं. काही लागलं तर इथे लिहा, मी जवळच आहे.

फडके_रोड_जवळ

आज १९ जून. परवा पोहोचलो. घर सोमलवाड्यात, पहिला मजला, मनपाचा नळ सकाळी येतो. ११ पैकी १० बरण्या धड आल्या. लहानीचा कान उडाला, तिच्यात आता मीठ ठेवलंय.

नवऱ्याने खोली अगदी तशीच लावली होती, भिंत डाव्या हाताला, तांब्या त्याच उंचीच्या स्टुलावर. डोंबिवलीची चादरसुद्धा. पण न्हाणीघर दोन पावलं लांब आहे, ते काही त्याला बदलता आलं नाही. म्हणून पलंगापासून दारापर्यंत भिंतीला सुताराकडून लाकडी दांडा ठोकून घेतलाय, कमरेच्या उंचीला, आणि दार जिथे येतं तिथे दांड्यावर जाड सुतळीचे चार वेढे.

पहिल्या रात्री मी जागीच होते. दीडच्या सुमाराला त्या उठल्या. दांड्यावरून हात सरकत गेल्याचा आवाज आला, सुतळीपाशी थांबला. मग दाराची कडी. परत आल्या आणि अंधारातच मला म्हणाल्या, "अकरा आहेत गं. झोप आता."

मुलीच्या वर्गाबद्दल नंतर वेगळं लिहीन, अजून शाळा उघडायची आहे.