शहराचा ओला कचरा, आमचं शिवार: आधी हिशेब, मग मानसिकता

उसाचा_फड (दौंड): इथं काल एका साहेबांनी लिहिलं, "शहरांचा ओला कचरा खत करून गावाला दिला तर युरियाची गरजच उरणार नाही, पण शेतकऱ्याची मानसिकता आड येते." रात्रभर डोक्यात घोळत होतं, म्हणून सविस्तर लिहितो.

युरियाची गोणी ४५ किलोची, त्यात नत्र (नायट्रोजन) ४६ टक्के. म्हणजे वीस किलोच्या वर नत्र. सिटी कंपोस्टला, म्हणजे शहरी कचऱ्याच्या खताला, खत नियंत्रण आदेशात नत्राची किमान अट ०.८ टक्के. तेवढं नत्र हवं तर कंपोस्ट लागणार अडीच टनांहून जास्त! गोणी २६६ रुपये ५० पैशांची, मोटरसायकलवर येते. अडीच टनांना ट्रॅक्टर, भरायला-उतरवायला माणसं, विस्कटायला मजूर. एवढं करून त्यातलं नत्र पिकाला लागतं हळूहळू.

आणि घेतलं नाही असं नाही. एका पुरवठादाराकडून ट्रॉली टाकली होती, "चाळलेलं आहे" म्हणाला. सरीत काय निघालं? दुधाच्या पिशव्यांचे कापलेले कोपरे, दाढीचं पातं, ट्यूबलाइटची काच. लावणीला आलेल्या एका बाईचा तळवा चिरला. दवाखान्याचा खर्च माझा, बोलणीही मलाच. आता सांगा, मानसिकता कुणाची बदलायची?

सेक्रेटरी_कोथरूड: कंपोस्ट युरियाच्या जागी कोण टाकतं हो? ते कर्बासाठी, म्हणजे मातीतला कुजका सेंद्रिय अंश वाढावा म्हणून टाकतात. तुमच्या मातीचा सेंद्रिय कर्ब किती आहे ते सांगा आधी. शिवाय पालाश (पोटॅश) जवळपास सगळं परदेशातून येतं, स्फुरदाचा (फॉस्फरसचा) दगड मोरोक्को-जॉर्डनहून. तुमच्या रानातलं पालाश भाजीपाल्यातून आमच्या ताटात येतं आणि सालींबरोबर कचऱ्याच्या डेपोत जाऊन सडतं. ते परत नको का? आमच्या सोसायटीचं खत ड्रममध्ये होतं, त्यात काच सापडली तर मी राजीनामा देईन. फुकट देतो म्हटलं तरी कुणी न्यायला येत नाही!

उसाचा_फड: चार पोत्यांसाठी दौंडहून गाडी काढू? डिझेल सोसायटीच्या मेंटेनन्समधून द्या.

डेपोशेजारी: "डेपोत सडतं" हे किती सहज लिहिलंत सेक्रेटरीसाहेब. ते आमच्या उशाशी सडतं. शहराचं नाव घेत नाही, पण आमच्या विहिरीचं पाणी काळं झालं, मुलगी बघायला आलेले पाहुणे नाक दाबून बसले. तुमचा ओला-सुका नीट वेगळा झाला असता तर हा धागाच निघाला नसता.

गोसेवक_७२: एवढी भांडणं कशाला? एक देशी गाय ठेवा. दहा किलो शेण, दहा लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन, दोनशे लिटर पाणी. झालं जीवामृत, एकराचं काम भागलं. ना कचरा, ना युरिया.

माती_परीक्षक: झालं, आली गाय. दादा, या सगळ्यात मिळून पाव किलो नत्र भरलं तर नशीब. सुरू हंगामातल्या उसाला शिफारस हेक्टरी २५० किलो नत्राची आहे. बाकीचं आकाशातून पडणार का?

गोसेवक_७२: पुस्तकी माणसांना कळणार नाही. जीवामृत खत नव्हे, विरजण आहे! जिवाणू जमिनीतलं अन्न मोकळं करतात. आणि जर्सीच्या शेणाला तो गुण नाही.

माती_परीक्षक: शेणाला जात चिकटवलीत, धन्य आहे. विरजण लावायला आधी दूध लागतं. जमिनीत कर्बच नसेल तर जिवाणू खाणार काय, बेसन?

सुनबाई_बारामती: एक विचारू का? ते जीवामृत रोज दोन वेळा, घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं, काठीनं ढवळतं कोण? आमच्याकडे मी. शेण मी काढते, गोमूत्र धरायला पहाटे बादली घेऊन मी उभी. प्रयोगशील शेतकरी म्हणून सत्कार मात्र यांचा झाला. फेटा बांधून.

गोसेवक_७२: ताई, ती गोसेवा आहे, पुण्य लागतं.

सुनबाई_बारामती: मग उद्यापासून तुम्ही या पुण्य घ्यायला. पाच वाजता.

सेक्रेटरी_कोथरूड: परीक्षकसाहेब, कर्बाशिवाय जिवाणू उपाशी, हे बरं झालं तुमच्या तोंडून आलं. मी वर वेगळं काय म्हणत होतो?

माती_परीक्षक: तुमच्या ड्रमातल्या खताला माझी हरकत नाही. मिश्र कचऱ्यात बॅटऱ्या असतात, शिसं आणि कॅडमियम तिथून येतं. तपासणीच्या कागदाशिवाय ट्रॉली उतरवून घेऊ नका, एवढंच.

उसाचा_फड: कर्ब विचारलात म्हणून सांगतो, ०.३८ टक्के आलाय, म्हणजे कमीच. नाचा आता. आम्हाला काय हौस आहे? पूर्वी साखर कारखान्याचा प्रेसमड (उसाचा रस गाळून उरलेला गाळ) मिळायचा, तोही आता गॅस प्रकल्पाकडे वळलाय. शेणखताची ट्रॉली परवडत नाही, कारण गोठेच रिकामे झाले. तेव्हा सेक्रेटरीसाहेब, पाठवा तुमचं खत. बांधावर पोच, भाडं तुमचं. उसात नाही टाकणार, परसातल्या वांग्यांना टाकून बघतो. काच निघाली तर राजीनामा इथंच टाका.

सेक्रेटरी_कोथरूड: भाडं निम्मं-निम्मं.

डेपोशेजारी: घ्या. चार पोत्यांवर तह झाला, आमचा डोंगर तिथंच.

गोसेवक_७२: गोठे रिकामे झाले याला जबाबदार कोण, यावर कुणी बोलणार आहे का?

उसाचा_फड: कडब्याचा भाव विचारा, तोच सांगेल.