महामार्ग पूर्ण होईपर्यंत टोल नाकारणे हा कोकणाचा न्याय्य बहिष्कार ठरेल का?

सह्यकडा (चिपळूण), धागाकर्ता

मुंबई-गोवा महामार्गाच्या पनवेल ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या टप्प्याचे चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झाले. त्या वर्षी पहिलीत बसलेली मुले आज महाविद्यालयात आहेत आणि पनवेलपासून झारापपर्यंतचा रस्ता मात्र अजूनही सलग व निर्धोक झालेला नाही. या काळात कोकणी माणसाने करायचे काय बाकी ठेवले? निवेदने दिली, उपोषणे केली, मानवी साखळ्या धरल्या, उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केल्या. न्यायालयाने जाब विचारला की नवी मुदत सांगितली जाते, ती उलटते आणि पुढची येते. गणपतीच्या तोंडावर पाहणी दौरे निघतात, खड्ड्यांत खडी पडते आणि विसर्जनानंतर सारे पुन्हा पहिल्यासारखे होते.

काही गावे निवडणुकीच्या वेळी ‘रस्ता नाही तर मत नाही’ असे फलक लावतात. त्या गावांच्या संतापाबद्दल मला आदर आहे, परंतु तो मार्ग मला पटत नाही, कारण जे गाव मतदानच करत नाही त्याची धास्ती कोणत्याही उमेदवाराला उरत नाही. मत न देण्यापेक्षा पैसा न देणे अधिक परिणामकारक ठरेल, असे माझे स्पष्ट मत आहे. हातिवले आणि ओसरगाव येथील टोलनाक्यांना स्थानिकांनी केलेला विरोध आपण पाहिला आहे. तेथे मागणी मुख्यतः स्थानिक वाहनांना टोलमाफी मिळावी अशी होती. मी त्यापुढे जाऊन असे सुचवतो की पनवेल ते झाराप हा संपूर्ण रस्ता पूर्ण होईपर्यंत कोकणातील कोणत्याही नाक्यावर कोकणवासीयांनी टोल भरू नये आणि हा नकार जाहीरपणे, संघटितपणे द्यावा. लोकमान्यांनी स्वराज्य, स्वदेशी आणि राष्ट्रीय शिक्षण यांच्या जोडीला बहिष्कार ठेवला होता आणि ते याच रत्नागिरीत जन्मले होते. परक्या सरकारविरुद्ध जे साधन योग्य होते ते आपण निवडून दिलेल्या, पण आपले न ऐकणाऱ्या सरकारविरुद्ध अयोग्य का ठरावे? विरोधी मतेही सविस्तर वाचायला आवडतील.

बंदरावरून (रत्नागिरी)

धागाकर्त्यांची तळमळ खरी आहे आणि रस्त्याच्या दुर्दशेबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. तरीही माझा या मार्गाला विरोध आहे. आपल्याकडे बहिष्काराची हाक दिली की चार दिवसांत तिचा ‘बंद’ होतो, आणि बंदचा खर्च कोण भरते ते मी रोज डोळ्यांसमोर पाहते. मिरकरवाडा बंदरावर पहाटे लिलाव होतो. कोळीण त्या लिलावात उधारीवर मासळी घेते, वर बर्फाचे पैसे देते, आणि दुपारच्या आत माल संपला नाही तर तो पडेल भावाने किंवा खताला जातो. संध्याकाळी उधारी चुकती केली तरच दुसऱ्या दिवशी तिला लिलावात उभे राहता येते. टोलनाक्यावर हुज्जत सुरू झाली आणि मागे तीन तास रांग लागली तर त्या रांगेत सुरमईचा टेम्पो असतो, एप्रिल-मे महिन्यांत हापूसच्या पेट्या असतात आणि कधी रुग्णवाहिकाही असते. मंत्रालयातील एकाही माणसाचे त्या तीन तासांत काही बिघडत नाही.

३० जुलै २००३ च्या बंदबद्दल मुंबई उच्च न्यायालयाने दोन राजकीय पक्षांना प्रत्येकी २० लाख रुपयांचा दंड केला होता, याचीही येथे आठवण ठेवावी. हातावर पोट असलेल्या माणसाचा दिवस बुडवण्याचा अधिकार कोणालाही नाही, मग कारण कितीही न्याय्य असो.

न्यायपथ (सावंतवाडी)

मी या प्रश्नाकडे व्यवहाराच्या अंगाने पाहतो. आपण टोल दिला नाही तर तोटा नेमका कोणाचा होतो, हे आधी ठरवले पाहिजे. ‘बांधा, वापरा, हस्तांतरित करा’ या पद्धतीच्या रस्त्यावर टोल कंत्राटदाराकडे जातो. हायब्रिड ॲन्युइटी पद्धतीत सरकार कंत्राटदाराला ठरलेले हप्ते देते आणि टोलचा पैसा सरकारकडे येतो. पहिल्या प्रकारात बहिष्काराचा फटका सरकारला थेट बसत नाही. कोल्हापूरकरांनी एन. डी. पाटील आणि गोविंद पानसरे यांच्या नेतृत्वाखाली शहरातील टोलविरुद्ध चिवट लढा दिला आणि तो टोल रद्द करून घेतला, ही गोष्ट अभिमानाची आहे. मात्र कंत्राटदाराची भरपाई शेवटी सरकारी तिजोरीतून, म्हणजे आपल्याच खिशातून झाली.

दुसरी अडचण फास्टॅगची आहे. टोल आता हातात द्यावा लागत नाही, तो आपोआप कापला जातो. टॅग काढून नाक्यावर गेलात तर जादा दराने आकारणी होते, म्हणजे नकार देण्यासाठी गाडी अडवूनच उभे राहावे लागेल, आणि मग ‘बंदरावरून’ ताईंनी वर्णन केलेली रांग अटळ आहे. टोलऐवजी घरपट्टी थकवावी असेही काही जण सुचवतील. त्यांना माझी विनंती आहे की ग्रामपंचायत अधिनियमाचे कलम १४ वाचावे. मागणीनंतर तीन महिन्यांत कर न भरणारा माणूस पंचायतीचा सदस्य होण्यास किंवा राहण्यास अपात्र ठरतो. निषेध करताना आपल्याच माणसांना गावच्या कारभारातून बाहेर काढण्याचा हा मार्ग आहे.

याउलट केरळमध्ये २०२५ साली काय घडले ते पाहावे. पालियेक्करा येथील टोलवसुली रस्त्याच्या वाईट अवस्थेमुळे तेथील उच्च न्यायालयाने काही काळ थांबवली आणि सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. गाडी न अडवता, कोणाचाही दिवस न बुडवता टोल थांबला. मग आपण बहिष्काराच्या मागे का लागावे?

अष्टागर (अलिबाग)

न्यायालयाचा मार्ग सोडावा असे कोणीच म्हटलेले नाही. परंतु बहिष्कार कोकणाला परका आहे किंवा तो हमखास गरिबाच्याच मुळावर येतो, हे मला मान्य नाही, कारण या देशातील सर्वांत दीर्घ शेतकरी संपांपैकी एक आमच्या चरी गावातून सुरू झाला.

ऑक्टोबर १९३३ मध्ये नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली अलिबाग तालुक्यातील कुळांनी खोतांची जमीन न कसण्याचा निर्णय घेतला. पीक कुळाने काढायचे, त्याचा मोठा वाटा खोताच्या खळ्यावर नेऊन घालायचा, वर वेठबिगारीची कामे करायची आणि जमिनीवर कसलाही हक्क नाही, अशी ती व्यवस्था होती. आसपासची २५ गावे संपात उतरली आणि १९३९ पर्यंत, म्हणजे जवळजवळ सहा वर्षे, भाताची खाचरे पडीक राहिली. लोकांनी जंगलातील लाकूडफाटा विकून आणि मिळेल ती मजुरी करून दिवस काढले. पावसाळ्यात समोर स्वतःच्या हाताने बांधबंदिस्ती केलेली शेते, आणि त्यांत लावणी करायची नाही, हे शेतकऱ्याला किती जड जात असेल याची कल्पना शेती केलेल्या माणसालाच येईल.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या लढ्याला पाठिंबा दिला, १९३७ मध्ये खोती नष्ट करण्याचे विधेयक मुंबईच्या विधिमंडळात मांडले आणि जानेवारी १९३८ मध्ये कोकणातील शेतकऱ्यांचा प्रचंड मोर्चा मुंबईत निघाला. १९३९ च्या कायद्याने ‘संरक्षित कूळ’ मान्य झाले आणि स्वातंत्र्यानंतर १९४९ मध्ये खोती रद्द करणारा कायदा आला. न्यायपथ साहेबांनी या क्रमाकडे लक्ष द्यावे. कायदा झाला हे खरे, पण तो होण्याआधी सहा वर्षे माणसे उपाशीपोटी ठाम राहिली होती. विधिमंडळात बोलणाऱ्या माणसाच्या शब्दाला वजन येते ते बाहेर कोणीतरी काहीतरी रोखून धरलेले असते म्हणून.

चरीच्या कुळांकडे रोखून धरण्यासारखे एकच होते, स्वतःचे श्रम, आणि खोताचे त्यांच्यावाचून चालत नव्हते. बहिष्कार तेथेच लागू पडतो.

बंदरावरून (रत्नागिरी)

चरीच्या संपाबद्दल माझ्याही मनात अपार आदर आहे. पण तो संप खोताविरुद्ध होता. खोत समोर होता, त्याचे खळे समोर होते आणि ते रिकामे राहिलेले त्याला रोज दिसत होते. सरकार असे समोर नसते. नाक्यावर असतो तो कंत्राटदाराचा पंधरा-वीस हजारांवर राबणारा मुलगा, आणि तोही बहुधा जवळच्याच गावचा. लोकांच्या रागाचे बोल तोच ऐकून घेणार.

खाडीपलीकडे (श्रीवर्धन)

एका मुद्द्याची चर्चा अजून झालेली नाही आणि मला तो सर्वांत गंभीर वाटतो. रायगड आणि रत्नागिरी जिल्ह्यांत गावकीने एखाद्या कुटुंबाला वाळीत टाकल्याच्या तक्रारी वर्षानुवर्षे पोलिसांत नोंदल्या जात आहेत. दुकानदाराने माल द्यायचा नाही, लग्नाला कोणी जायचे नाही, मयताला खांदा द्यायचा नाही. याच जाचाविरुद्ध राज्याने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा केला आणि त्यात तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद ठेवली. उद्या गावाने टोल न देण्याचा ठराव केला आणि एखाद्या टेम्पोवाल्याने कर्जाचा हप्ता सांभाळण्यासाठी टोल भरून गाडी पुढे नेली, तर संध्याकाळी त्याच्या दारात कोण उभे राहील, हे आपल्यापैकी प्रत्येकाला ठाऊक आहे.

डॉ. आंबेडकरांचा उल्लेख वर आला आहे, म्हणून त्यांचीच दुसरी भूमिका सांगतो. महाडच्या १९२७ च्या सत्याग्रहानंतर याच जिल्ह्याने अस्पृश्यांची कोंडी पाहिली. गोलमेज परिषदेपुढे ठेवलेल्या मागण्यांत त्यांनी बहिष्कार टाकणे हा दंडनीय गुन्हा ठरवावा असे आग्रहाने मांडले. त्यांनीच चरीच्या कुळांना पाठिंबा दिला. या दोन भूमिकांत विसंगती नाही. दुबळा माणूस बलवानाला आपले श्रम आणि पैसा नाकारतो तेव्हा तो न्याय असतो, आणि जमाव एकट्यादुकट्याचे जगणे नाकारतो तेव्हा तो अत्याचार असतो. धागाकर्त्यांचा प्रस्ताव यांपैकी कोणत्या बाजूला राहील याची हमी कोण देणार?

सह्यकडा (चिपळूण), धागाकर्ता

सर्वांचे प्रतिसाद काळजीपूर्वक वाचले. खाडीपलीकडे यांनी मागितलेली हमी रास्त आहे आणि ती प्रस्तावातच असली पाहिजे. म्हणून मी तो अधिक नेमका करतो. नकार व्यक्तीचा असेल, गावाचा नाही. ज्याने स्वतः सही केली तोच नाकारेल आणि टोल भरणाऱ्याला कोणीही एका शब्दाने विचारणार नाही. गावकीचा ठराव मुळीच नको. कोणत्याही गाडीला अडवायचे नाही, मासळी, आंबा आणि रुग्णवाहिका यांच्या मार्गिकेत उभे राहायचे नाही. सही करणाऱ्याने जेवढा टोल वाचवला तेवढी रक्कम एका स्वतंत्र खात्यात भरावी आणि त्याचा हिशेब दरमहा जाहीर व्हावा, म्हणजे हा फुकटेपणा आहे असे कोणाला म्हणता येणार नाही. रस्ता पूर्ण झाल्यावर ती रक्कम सरकारला द्यायलाही माझी हरकत नाही.

न्यायालय की बहिष्कार, हा पर्याय मला खोटा वाटतो. अमेरिकेतील माँटगोमेरी शहरात डिसेंबर १९५५ पासून ३८१ दिवस कृष्णवर्णीय नागरिकांनी वर्णभेद करणाऱ्या बसमध्ये पाऊल ठेवले नाही. त्यांनी एकमेकांना गाड्यांतून कामावर पोहोचवले, मैलोन्‌मैल पायपीट केली. अखेरचा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाकडून आला, पण तोपर्यंत लोकांना एकत्र धरून ठेवले ते त्या बहिष्काराने. बारडोलीतही १९२८ मध्ये शेतकऱ्यांनी जप्त्या सोसून सारा रोखला, तेव्हाच चौकशी समिती नेमली गेली आणि सुमारे २२ टक्क्यांची वाढ सहा टक्क्यांच्या आसपास आली. सरकारला चौकशी करावीशी वाटावी, एवढा दाब तरी आपण निर्माण केला पाहिजे.

न्यायपथ (सावंतवाडी)

सुधारित प्रस्ताव पहिल्यापेक्षा निश्चितच सभ्य आहे. पण फास्टॅगच्या प्रश्नाचे उत्तर त्यात अजूनही नाही. गाडी न अडवता टोल नाकारायचा म्हणजे नाका टाळून जुन्या किंवा आतल्या रस्त्याने जायचे, एवढाच अर्थ उरतो. तो कायदेशीर आहे आणि त्याला माझी हरकत नाही, मात्र त्याला किती जण तयार होतील याचा विचार व्हावा.

अष्टागर (अलिबाग)

मी बहिष्काराच्या बाजूचा आहे आणि म्हणूनच एक कठीण प्रश्न मला आपल्याच बाजूला विचारायचा आहे. माँटगोमेरीच्या बसमधले बहुसंख्य प्रवासी कृष्णवर्णीय होते, म्हणून त्यांच्या न बसण्याने बसचा धंदा बसला. आपल्या महामार्गावरच्या टोलमध्ये कोकणवासीयांचा वाटा किती असेल? नाक्यापासून २० किलोमीटरच्या आत राहणाऱ्याच्या खासगी गाडीला सवलतीचा मासिक पास मिळतो. आपले चाकरमानी मोठ्या संख्येने येतात ते गणपतीत, आणि तेव्हा सरकार स्वतःच टोलमाफीचे पास वाटते. उरलेल्या दिवसांत टोलचा मोठा भार मालट्रक आणि पर्यटकांच्या गाड्या उचलतात. तेव्हा आपण जे रोखून धरणार आहोत ते सरकारला जाणवेल एवढे आहे काय?

ते जाणवायचे असेल तर ट्रकमालक, मासळी वाहतूकदार आणि आंबा बागायतदार यांना बरोबर घ्यावे लागेल. खड्ड्यांत टायर आणि पाटे त्यांचेच तुटतात, माल त्यांचाच उशिरा वाशीला पोहोचतो, त्यामुळे त्यांच्याकडे कारण आहे. पण आडवाटेने गेल्यास वाढणारे डिझेल आणि वेळ यांचा भारही त्यांच्यावरच पडेल. खात्यात जमणारी रक्कम सरकारसाठी राखून ठेवण्याऐवजी त्यांच्या या तोट्यासाठी वापरली जावी, असे मला वाटते. चरीत माणसे सहा वर्षे टिकली ती २५ गावे एकत्र होती म्हणून.

बंदरावरून (रत्नागिरी)

अष्टागर यांनी मांडलेल्या शेवटच्या मुद्द्यावर मी प्रथमच सहमत आहे, बाकी माझा विरोध कायम आहे. टेम्पोवाल्यांचा तोटा भरून देणारी रक्कम आधी खात्यात दिसू द्यावी. तोपर्यंत, आणि वाहतूकदारांच्या संघटनांशी समोरासमोर बोलणी होईपर्यंत, धागाकर्त्यांनी बहिष्काराची कोणतीही तारीख जाहीर करू नये, अशी माझी त्यांना कळकळीची विनंती आहे. एक जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते आणि आंब्याचा हंगामही तोवर आटोपलेला असतो. बोलणी करायचीच असतील तर त्या दोन महिन्यांत करावीत. तेव्हा बंदरावरची माणसे मोकळी असतात आणि मीही येईन.