'सर्वांत कडक गादी घ्या' म्हणणाऱ्यांसाठी

उशीखाली
काल एका प्रश्नाला आलेलं उत्तर वाचून डोकं फिरलं, म्हणून वेगळा धागा. प्रश्न साधा होता. जोडप्यातला नवरा ८८ किलोचा, पाठीवर झोपणारा. बायको ५५ किलोची, कुशीवर झोपणारी. ८ इंची पॉकेट स्प्रिंगची (प्रत्येक स्प्रिंग वेगळ्या कापडी पिशवीत) गादी १४ महिन्यांत बसली, रात्री दोघंही घरंगळत मधे येतात. आता कोणती घ्यावी? उत्तर आलं: 'मऊ गाद्या म्हणजे थेरं. सर्वांत कडक, सर्वांत जाड आणि सर्वांत लांब वॉरंटीची ऑर्थोपेडिक घ्या, विषय संपला.'

विषय संपला नाही, पाठ संपेल. कुशीवर झोपलं की खांदा आणि नितंब गादीत थोडे रुतावे लागतात. ५५ किलोचं वजन कडक गादीत रुततच नाही. मग खांद्यावर सगळा भार, कंबर अधांतरी आणि सकाळी हाताला मुंग्या. तीच गादी ८८ किलोला मध्यम वाटते. अमुक गादी कडक, हे कोणाच्या वजनाला ते सांगितल्याशिवाय बोलण्यात अर्थ नाही.

जाडीची गंमत वेगळीच. ८ इंचांत ५ इंच स्प्रिंग आणि वर ३ इंच हलका फोम असला, तर आधी फोम मरतो, स्प्रिंग ठणठणीत राहते. तपासायला खड्ड्यात तळहात जोरात दाबा, मग पायथ्याच्या कोपऱ्याजवळ, जिथे कोणी झोपत नाही तिथे दाबा. दोन्हीकडे स्प्रिंग सारखीच उसळत असेल आणि खड्ड्यात ती हाताला लवकर लागत असेल, तर दोष वरच्या थराचा.

वॉरंटीत बहुधा वजन नसताना दिसणारा खड्डा मोजतात, तोही ठरावीक खोलीच्या पुढचा. फोम नुसता मऊ पडला तर हात वर.

कापूसकोंड्या
ते उत्तर माझं होतं. नाव घेऊन लिहिलं असतं तरी चाललं असतं.

जड माणूस मऊ गादीवर पाठीवर झोपला की नितंब खाली जातात, कंबरेचा झोळ होतो. हे खोटं आहे का? आणि दोघं मधे का घरंगळतात? गादीत दम नाही म्हणून. उपाय म्हणजे दम असलेली गादी, १०० घनतेची रिबॉन्डेड. दहा वर्षं हलणार नाही.

उशीखाली
आलात ना घनतेवर! घनता म्हणजे एक घनमीटर फोमचं वजन किती किलो. कडकपणा म्हणजे गोल थाळी दाबून जाडी २५ टक्के कमी करायला किती बळ लागतं ते. दोन्हींचा एकमेकांशी फार थोडा संबंध. ५० घनतेचा मेमरी फोम (अंगाच्या उबेने आणि दाबाने हळूहळू आकार घेणारा) लोण्यासारखा असतो, २८ घनतेचा साधा फोम दगडासारखा बनवता येतो. फरक हा, की २८ वाला लवकर बसतो. रिबॉन्डेड म्हणजे फोमच्या चिंध्या चिकटवून केलेली वीट. वजनदार असते म्हणून आकडा मोठा.

आणि 'ऑर्थोपेडिक' हा शब्द कोणीही छापू शकतं. २००३ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्पेनमधली चाचणी आली होती. जुनाट कंबरदुखीची ३१३ माणसं, काहींना कडक गादी, काहींना मध्यम-कडक, ९० दिवस. मध्यम-कडकवाल्यांची कंबर जास्त सुधारली.

कापूसकोंड्या
त्यात मऊ गादी होतीच कुठे? कडक आणि मध्यम-कडक, एवढंच. म्हणजे 'मऊ घ्या' असं त्यातून निघत नाही. अर्धं वाचून पूर्ण शिकवू नका.

उशीखाली
मी 'मऊ घ्या' म्हटल्याचं दाखवा.

निद्रानाश
दुकानात सांगितलेली घनता खरी कशावरून? चाळीस म्हणतात आणि बत्तीस देतात.

आडवातिडवा
@निद्रानाश, वजन करा. ७८ × ७२ × ६ इंच गादीचं आकारमान साधारण ०.५५ घनमीटर. सगळी ४० घनतेची असेल तर २२ किलो भरायला हवी. १७-१८ भरली तर आत ३२ आहे. थर वेगवेगळे असतील तर प्रत्येक थराची जाडी विचारून वेगळा हिशेब करा. फोमचा सुटा तुकडा नमुना म्हणून मिळाला तर आणखी सोपं: १० सेंमी बाजूचा घन कापा, स्वयंपाकाच्या काट्यावर ठेवा. जितके ग्रॅम तितकी घनता. ३२ ग्रॅम म्हणजे ३२. विक्रेत्याशी वाद घालावाच लागत नाही.

सुतारपक्षी
एवढा वेळ गादीवर चर्चा चाललीये. पलंगाचं कोणी विचारलं का? १४ महिन्यांत दोघं मधे घरंगळतात म्हटल्यावर मला पहिला संशय पलंगाचा. ७२ इंच रुंदीच्या पलंगाला मधोमध आडणी, म्हणजे आधाराची लाकडी पट्टी, आणि तिच्याखाली जमिनीला टेकलेला पाय नसेल, तर कोणतीही गादी मधे खचणार. वर १२ मिमीचं प्लाय आणि खाली फक्त कडेचा आधार असेल तर ते प्लाय नव्हे, झोपाळा आहे.

गादी काढा. पलंगाच्या रुंदीत एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत दोरी ताणून धरा. आता त्या ८८ किलोवाल्याला मधे बसवा आणि दोरी ते फळी अंतर मोजा. रिकामं असतानाचं अंतर आणि आत्ताचं, यातला फरक म्हणजे फळीची लवण. मग तीच गादी जमिनीवर टाकून दोन रात्री झोपा. घरंगळणं थांबलं तर गादीचा गुन्हा नाही.

कापूसकोंड्या
हे मात्र पटलं. पण फळी लवत असेल तर वर कडक गादी टाकली की झालं की.

सुतारपक्षी
नाही झालं. कडक गादी लवलेल्या फळीवर पूल होते. मधे पोकळी राहते, वर वजन आलं की रोज तिथेच वाकते. रिबॉन्डेडचे जोड तिथेच उकलतात.

रबरी
लॅटेक्स, म्हणजे रबराच्या चिकाचा फोम घ्या, सगळे प्रश्न सुटतील. दाब जिथे येतो तिथेच दबतं, लगेच परत येतं, मेमरीसारखं थंडीत ताठरत नाही.

सुतारपक्षी
@रबरी, ८० घनतेचं ६ इंची लॅटेक्स त्याच मापात ४४ किलो. हायड्रॉलिक झाकणाचा पलंग असेल तर त्याचे गॅस दांडे हलक्या गादीच्या हिशेबाने बसवलेले असतात. झाकण वर राहणार नाही, हातावर येईल. आणि लॅटेक्सला खालून हवा लागते. सनमायका लावलेल्या सलग फळीवर ठेवलं तर घाम खाली उतरून तिथेच बसतो. सहा महिन्यांनी उलटून बघा, काळे ठिपके.

रबरी
म्हणजे लॅटेक्स वाईट?

सुतारपक्षी
फळी वाईट म्हणतोय. कळतंय का? प्लायला १ इंचाची भोकं पाडा, साधारण ८ इंचांवर. आडणीच्या अगदी वर भोक नको. कडा पॉलिशपेपरने घासा, नाहीतर खोळ फाटते. पट्ट्यांचा पलंग असेल तर दोन पट्ट्यांतली फट ३ इंचांहून जास्त नको, फोम त्यातून पोटं काढतो.

निद्रानाश
त्यापेक्षा गादी महिन्यातून एकदा उन्हात टाकावी. जुनी माणसं वेडी नव्हती.

रबरी
लॅटेक्स उन्हात?? अहो, ऊन लागलं की ते पिवळं पडतं आणि चुरा होतो. फोमचंही तेच. ऊन कापसाच्या गादीला. बाकीच्यांना सावलीत भिंतीला उभं करून वारा. पॉकेट स्प्रिंगला तेही वाकवून नको.

निद्रानाश
मला शिकवू नका, कापसाचंच बोलत होतो.

उशीखाली
कापसाचा धागा वेगळा काढा हो कोणीतरी. तिकडे ते बिचारं जोडपं अजून खड्ड्यात आहे आणि इथे भोकं पाडणं चाललंय.

सुतारपक्षी
भोकं पाडली असती तर धागा इतका वाढला नसता.

आडवातिडवा
मूळ प्रश्नावर. ८८ आणि ५५ ला एकच गाभा, ही कल्पनाच सोडा. कोणावर तरी अन्याय होणारच, आणि बहुतेकदा हलक्यावर होतो, कारण दुकानात आडवं पडून 'मस्त आहे' म्हणणारा जड असतो.

७८ × ३६ च्या दोन गाद्या घ्या. उंची एकच, कडकपणा वेगळा. जड बाजूला खाली ५ इंच चांगला कडक आधार, ४० घनतेचा एचआर (हाय रेझिलियन्स, लगेच उसळी घेणारा फोम), वर १ इंच मऊ थर पुरे. हलक्या कुशीवरच्या बाजूला तोच ४० चा एचआर पण मध्यम, ४ इंच, आणि वर २ इंच लॅटेक्स किंवा ५० च्या पुढचा मेमरी. दोन्ही ६ इंच. एकाच्या हालचालीने दुसऱ्याला धक्का नाही, आणि मधला उतारच उरत नाही.

मधली फट हा खरा त्रास. आतल्या बाजूच्या कडा सरळ कापलेल्या मागा, गोट लावलेल्या गोल कडा नकोत. गोट असला की दोन्ही मिळून दीड इंचाची नाली तयार होते. दोन्हीला मिळून बाहेरून पट्टा आवळा आणि चादर एकच, ७२ ची. तरी फट जाणवली तर दोन्हींवर मिळून दीड इंचाचा टॉपर, म्हणजे वर अंथरायचा पातळ थर. पण टॉपरने खड्डा भरत नाही हे लक्षात ठेवा. जुन्या बसलेल्या गादीवर टाकलात तर टॉपर खड्ड्याचाच आकार घेतो.

कापूसकोंड्या
दोन गाद्या म्हणजे मधे भिंत घालण्यासारखं. मग वेगवेगळ्या खोल्याच करा ना!

आडवातिडवा
एकाच खोळीत दोन गाभे घालून मिळतात. बाहेरून कळतही नाही. चेन उघडून बाजू बदलता येते, एक बसला तर तेवढाच बदलता येतो. भिंत तुमच्या डोक्यात आहे.

उशीखाली
+१. फक्त एक भर. दुकानात दोन मिनिटं बसून उठू नका. ज्या कुशीवर झोपता त्या कुशीवर १५ मिनिटं, स्वतःची उशी घेऊन. दुसऱ्याने मागून फोटो काढावा: मानेपासून माकडहाडापर्यंत रेघ सरळ दिसली पाहिजे. पाठीवर झोपणाऱ्याच्या कंबरेखाली हात सरकवून बघा. आरपार सहज गेला तर गादी कडक, घुसवावाच लागला तर मऊ, थोडा अडत गेला तर बरोबर.

गुंडाळून आलेली गादी उघडल्यावर एक-दोन दिवस फुगू द्या, मगच उंची मोजा. वास बहुधा आठवड्यात जातो. पहिल्या महिन्यात ती थोडी मऊ पडते, तो दोष नव्हे. दर तीन महिन्यांनी डोकं-पाय बदला. उलटायची मात्र दोन्ही बाजू सारख्या असतील तरच, नाहीतर मऊ थर खाली जाऊन कडक पाठ वर.

कापूसकोंड्या
बरं. 'सर्वांत कडक' मागे घेतो. ८८ किलोच्या बाजूला कडकच लागतं, हे आडवातिडव्यांनीही शेवटी तेच लिहिलंय, फक्त जास्त ओळींत. ५५ किलोच्या बाजूबद्दल तुमचं खरं असेल. आणि जाडीबद्दल मी बोललो ते विसरा. वॉरंटीबद्दल मात्र बोलणार: वॉरंटी नसण्यापेक्षा असलेली बरी.

उशीखाली
पलंगाला मधला पाय नसेल तर तीही रद्द होऊ शकते. कार्डावर बारीक अक्षरात बघा.

सुतारपक्षी
मधल्या पायाचं मी माझ्या पहिल्याच प्रतिसादात म्हणत होतो.