‘ब्लू गोल्ड’ बघितली... पाणी कंपनीच्या हातात द्यावं का?

सांजवारा: काल रात्री ‘ब्लू गोल्ड: वर्ल्ड वॉटर वॉर्स’ बघितली, सॅम बोझोची 2008 ची डॉक्युमेंटरी, आणि त्यातलं बोलिव्हियातल्या कोचाबांबाचं प्रकरण डोक्यातून जातच नाहीये. 1999 मध्ये अख्ख्या शहराचं पाणी 40 वर्षांसाठी खाजगी कंपनीला देऊन टाकलं, तिच्या मागे अमेरिकेची बेक्टेल ही बडी बांधकाम कंपनी, आणि टेंडर भरणारी पार्टी एकच! बिलं आली ती काहींची थेट दुप्पट. किमान पगार महिना 100 डॉलरच्याही आत, त्यात 20 डॉलर पाण्याला? लोकांनी वर्गणी काढून खोदलेल्या विहिरीसुद्धा कंपनीच्या ताब्यात जायची वेळ आली होती. एप्रिल 2000 मध्ये व्हिक्टर ह्युगो दासा हा 17 वर्षांचा पोरगा याविरुद्धच्या आंदोलनात गोळी लागून गेला, तेव्हा कुठे करार मोडला. पाण्यावर नफा कमवायला सरळ बंदी पाहिजे, माझं स्पष्ट मत.

चावीवाला: नाही पटत. कंपनी हाकलली, पुढे काय? कारभार परत सेमापाकडे, म्हणजे सरकारी संस्थेकडे गेला आणि शहराच्या दक्षिणेकडच्या वस्त्यांना त्यानंतरही कित्येक वर्षं नळ नव्हता, गरीब माणूस टँकरवाल्याकडून नळवाल्यांपेक्षा महाग पाणी घेत राहिला. दरवाढीत मिसिकुनी धरणाचा खर्चही होता, तो हट्ट तिथल्या पुढाऱ्यांचा. खापर एकट्या कंपनीवर फोडून नळाला पाणी येत नाही.

सांजवारा: मग बेक्टेलने नंतर काय केलं तेही सांगा ना. एवढ्या गरीब देशावर आंतरराष्ट्रीय लवादात अडीच कोटी डॉलरच्या भरपाईचा दावा ठोकला, जगभर बोंबाबोंब झाली तेव्हा 2006 मध्ये माघार घेतली. सेवा द्यायला आलेला असं वागतो का?

मांजराकाठ: मी लातूरची. 2016 च्या मार्चमध्ये आमच्याकडे पाणी भरायच्या ठिकाणी 144 कलम लावलं होतं, एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, पहिल्या खेपेला 5 लाख लिटर. आमच्यात भांडणं लावायला कुठली परदेशी कंपनी आली नव्हती. टँकर आला की पाइप ज्याच्या हातात त्याचं राज्य. आईने घागरींवर लाल ऑइलपेंटने नाव घातलेलं, तरी एक गेलीच. पिंपाच्या तळाचं गढूळ पाणी आजी जुन्या धोतराच्या फडक्यातून दोनदा गाळायची, उरलेला गाळसुद्धा फेकू द्यायची नाही, तुळशीत ओतायची. आणि त्याच जिल्ह्यात ऊस उभा होता!!

चावीवाला: ताई, म्हणूनच म्हणतोय मीटर पाहिजे. दर परवडेल असा ठेवा, पण मोजा. मोजमाप नसलं की ज्याची मोटर मोठी तो ओढतो.

मांजराकाठ: घरच्या नळाला मीटर लावाल हो, आमची ना नाही. उसाला कोण लावणार? शहरातल्या बाईने भांडी विसळलेलं पाणी मोजायचं आणि धरणातून शेताला गेलेलं मोजायचं नाही, हे मला मान्य नाही.

सांजवारा: पण हक्क कागदावर तरी यायला हवा की नको? बोलिव्हियानेच मांडलेला ठराव 2010 मध्ये युनोत 122 मतांनी पास झाला, पिण्याचं पाणी हा मानवी हक्क म्हणून, भारतानेही बाजूने मत दिलं.

मांजराकाठ: हवाच. त्याच्या सहा वर्षांनंतर मी रात्री दोनला टँकरच्या रांगेत उभी होते, दुसऱ्या दिवशी पेपर होता. हक्क कुणाकडे मागायचा तेवढं एक सांगा मला.