'लिमिटेड एडिशन प्रिंट'ला आपण काय म्हणायचं?

गंगापूररोडकर:
मंडळी, शब्द हवाय. माझ्याकडे क्रिकेटच्या चित्राची एक प्रिंट आहे, खाली डावीकडे पेन्सिलीनं १२७/५०० आणि उजवीकडे चित्रकाराची नि त्या बॅट्समनची अशा दोन सह्या. काच तडकली म्हणून रविवार कारंज्याजवळ फ्रेमला नेली तर तो म्हणतो, पोस्टरच आहे ना, खालची पांढरी कड उडवतो आणि प्लायवर चिकटवून देतो. अहो त्या कडेवरच तर सगळं आहे! उचलून घरी आणली. घरी आत्या म्हणाली, "पाचशेपैकी एकशेसत्तावीस? नापास की रे." 'मर्यादित आवृत्ती' चालेल का?

बुकवर्म४२२:
अर्थ बरोबर आहे पण कानाला उलटं वाटतं. पुस्तकाची सहावी आवृत्ती निघाली की आपण पेढे वाटतो, आणि इथे दुसरी निघणार नाही यातच सगळी किंमत. मी 'मोजक्या प्रती' म्हणेन. आणि आत्यांना सांगा, 'पैकी' नाही, 'पाचशेतली १२७वी प्रत' असं वाचायचं.

शाईचे डाग:
आर्ट स्कूलमध्ये आम्ही 'मुद्राचित्र' म्हणायचो, पण ते चित्रकारानं ठसा, पत्रा किंवा दगड स्वतः तयार करून त्यावरून काढलेलं. तिथे पत्रा झिजतो म्हणून आधीच्या प्रती जास्त ठसठशीत येतात, आणि ठरलेल्या प्रती झाल्या की बऱ्याचदा पत्र्यावर रेघ ओढून तो बाद करतात. खेळाची हल्लीची बहुतेक प्रिंटं म्हणजे आधी पेंटिंग, मग त्याचा स्कॅन, मग चांगल्या कागदावर इंकजेट, ज्याला 'जिक्ले' म्हणतात, हा शब्द १९९१ मध्ये अमेरिकेत एका प्रिंटवाल्यानं काढला कारण 'इंकजेट' म्हटलं की गिऱ्हाईक नाक मुरडतं. याला मुद्राचित्र म्हणणं मला तरी जड जातं. यात १ नंबर काय नि ५०० काय, छपाई सारखीच. नंबरच्या जागी 'एपी', म्हणजे 'आर्टिस्ट्स प्रूफ', असेल तर ती चित्रकारानं स्वतःसाठी ठेवलेली प्रत, प्रुफाला आपण मुद्रित म्हणतो म्हणून 'चित्रकाराचं मुद्रित' म्हणता येईल, पण कोण म्हणणारे.

नाशिकरोडचा:
आमच्या इथे करन्सी प्रेसमध्ये नोटा छापतात, नोटेवर नंबरपण असतो आणि सहीपण, मग खिशातली शंभरची पण साइन्ड प्रिंट का? 😀

शाईचे डाग:
मस्त प्रश्न! नोटेवरची गव्हर्नरची सही छापील. प्रिंटमध्ये पण हीच फसवाफसवी चालते, मूळ पेंटिंगमधली सही छापून येते आणि विकणारा 'साइन्ड' म्हणून मोकळा होतो. म्हणून 'हातची सही' आणि 'छापील सही' असे दोन शब्द ठेवा. भिंग लावून बघा, छापील सहीत शाईचे बारीक ठिपके दिसतात, पेन्सिलीची असेल तर तिरप्या उजेडात चमकते.

बुकवर्म४२२:
आणि कृपया 'हस्ताक्षरित' नको, जाहिरातीत सर्रास दिसतं. ते हिंदीतून आलंय, आपल्याकडे हस्ताक्षर म्हणजे अक्षर, वळणदार किंवा कोंबडीचे पाय.

नाशिकरोडचा:
पण ती प्रिंट की ते प्रिंट?

गंगापूररोडकर:
माझ्या तोंडी झेरॉक्सवाल्याकडची ती, भिंतीवरचं ते, पण वरच मी 'एक प्रिंट आहे, नेली' लिहून बसलोय, म्हणजे गोंधळ माझाच. असो, मी 'मोजक्या प्रतींतलं, हातच्या सहीचं प्रिंट' घेतो. आज दुसऱ्या फ्रेमवाल्याकडे टाकलं, मागे चिठ्ठी लावून: "कड कापू नये. चिकटवू नये. माउंट लावून काचेपासून लांब ठेवावे." त्यानं वाचलं, मान हलवली आणि पावतीवर लिहिलं, 'पोस्टर १ नग'.