मदत हवी आहे: 'सो व्हॉट'मधला ट्रम्पेटचा सोलो उतरवतोय, रेकॉर्डशी सूर जुळेना

राम राम मंडळी,

मी धुळ्याकडचा, लग्नाच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवतो. आषाढीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत सुपाऱ्या नसतात, म्हणून अमेरिकन जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसचा 'सो व्हॉट'मधला सोलो (एकट्याने वाजवलेला तुकडा) कानाने उतरवायला घेतलाय. आमच्याकडे सगळी गाणी कानानेच बसतात, त्यामुळे स्टाफ नोटेशनचा सल्ला कृपया देऊ नका. वहीत सरगम लिहितो.

सांगाडा लगेच कळला. पेटीच्या पांढरी दोन पट्टीतला काफी. चार-चार मात्रांचे 32 बार म्हणजे तीनतालाची 8 आवर्तनं. पहिली 4 पांढरी दोनला, पुढची 2 अर्धा सूर वर काळी दोनला, शेवटची 2 परत खाली. (ट्रम्पेट बी फ्लॅटचं, म्हणजे पेटीपेक्षा एक सूर खाली बोलतं, म्हणून बोटं पांढरी तीनची पडतात.)

घोडं अडलंय ते वेगळीकडे. एका जुन्या कॅसेटवरून मोबाइलमध्ये घेतलेली प्रत लावून सोबत वाजवतो, तर मी सतत खाली. ट्यूनिंग स्लाइड (सूर जुळवायची सरकती नळी) पार आत ढकलली तरी खालीच. पेटीशी मात्र चोख जुळतो.

दुसरं, स्वर बरोबर येऊनही ते जॅझ वाटत नाही. लांब-आखूड जोड्या दादऱ्याच्या हिशेबाने घेतल्या तर उड्या, सरळ घेतल्या तर कवायत. काय करू?

प्रतिसाद 1
भाऊ, ट्रम्पेटला हात लावू नकोस, कॅसेटच चढी आहे. 2 मार्च 1959 च्या रेकॉर्डिंगला मुख्य टेप मशीन किंचित हळू फिरत होतं. ती टेप नेहमीच्या वेगाने वाजवल्यावर 'सो व्हॉट' ज्यात आहे त्या 'काइंड ऑफ ब्लू' अल्बमची पहिली बाजू साधारण पाव सूर वर गेली आणि तशीच विकली गेली. 1992 च्या आवृत्तीत जोडीच्या मशीनवरची टेप वापरून ते सुधारलं. त्यानंतरची प्रत घे. कॅसेटच हवी असेल तर ऑडॅसिटी या ध्वनी संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये वेग कमी कर, पण वेगाबरोबर सूरही उतरवणारा पर्याय निवड.

प्रतिसाद 2
वही मिटा आणि आधी गा. जॅझ पियानोवादक लेनी ट्रिस्टानो शिष्यांना सॅक्सोफोनवादक लेस्टर यंगचे सोलो रेकॉर्डसोबत गायला लावायचे, वाद्य त्यानंतर. 4 बारचा तुकडा घ्या. रेकॉर्डसोबत गा, रेकॉर्ड बंद करून गा, मग ट्रम्पेट. माइल्स स्वर कुठे सोडतो, किती वेळ गप्प बसतो, तेही गळ्यात बसू द्या. या सोलोत गप्प बसण्यालाच जास्त दम लागतो. लांब-आखूड जोडीचं माप ठरलेलं नसतं, लय वाढली की ती सपाट होत जाते. या रेकॉर्डवरचा ड्रमर जिमी कॉब, त्याच्या झांजेला कान लावा.

धागाकर्ता
नवी प्रत लावली, सूर जुळला! स्लाइड जागेवर आली. गाऊन बघतोय, पहिले 4 बार बरे लागतात. आता काळी दोनला चढताना बास नसला की जागा चुकते. ढोलवाला म्हणतो, "भो, याच्यात वाजवू काय मी?" धुळे-अमळनेर-जळगाव पट्ट्यात कुणी बास गिटार वाजवणारं आहे का?