अनुभव धागा: कॅरिबियन क्रूझच्या बंदरांवरची खरेदी कमी का झाली?

धागाकर्ती, एडिसन

क्रूझला जाऊन आलेल्या सगळ्यांना विचारायचंय. बंदरावर उतरून तुम्ही शेवटचं काही घेतलंत ते काय होतं, आणि हल्ली घेत नसाल तर का नाही?

मी सेंट थॉमसपासून सुरुवात करते, हे अमेरिकेच्या ताब्यातल्या व्हर्जिन आयलंड्समधलं एक बेट. शार्लट अमाली हे गाव डेन्मार्कच्या ताब्यात असल्यापासून व्यापाराचं, तिथल्या मेन स्ट्रीटवर त्या काळातली दगडी गोदामं आहेत, कमानींची, जाड भिंतींची. 1917 साली अमेरिकेने अडीच कोटी डॉलर देऊन ही बेटं घेतली आणि पुढे त्याच गोदामांत सोन्याची, घड्याळांची, परफ्यूमची, दारूची दुकानं थाटली गेली. अमेरिकेत राहणाऱ्यांना बाकीच्या बेटांवरून 800 डॉलरपर्यंतचा माल ड्यूटी न भरता आणता येतो, तर या बेटांवरून 1600 पर्यंत, म्हणून लोक मुद्दाम इथली खरेदी राखून ठेवायचे. आमच्या ऑफिसमधल्या जुन्या अमेरिकन बायका सांगतात की क्रूझ ठरली की आधी यादी व्हायची, बहिणीला परफ्यूम, नवऱ्याला घड्याळ, शेजाऱ्यांना रम.

आईबाबांना घेऊन गेले तेव्हा त्याच रस्त्यावर दर दोन-तीन दुकानांआड एक शटर खाली होतं, आणि उघडी होती त्यांच्यात गिऱ्हाईकांपेक्षा विकणारेच जास्त. तीन जहाजं लागलेली असताना ही अवस्था! आईला गळ्यातलं आवडलं होतं, बाबांनी शांतपणे फोन काढला, तशीच डिझाईन नेटवर पाहिली, भाव कमी निघाला, विषय संपला. दुकानातल्या मुलीने काही म्हटलं नाही, तिला रोजची सवय असावी. मला मात्र ते फार लागलं. लिहा सगळ्यांनी, मोठं लिहिलंत तरी चालेल.

कल्याणकर

ताई, मी काउंटरच्या पलीकडचा माणूस. सेंट मार्टेनच्या डच बाजूला फिलिप्सबर्गला फ्रंट स्ट्रीटवर दागिन्यांच्या दुकानात कॉन्ट्रॅक्टवर होतो. या बेटांवरची दागिने आणि इलेक्ट्रॉनिक्सची कितीतरी दुकानं आपल्या सिंधी लोकांची, माझी ओळखसुद्धा उल्हासनगरच्या मित्रामार्फत लागली. आमची मेस दुकानाच्याच वर, संध्याकाळी डाळभात आणि सगळ्यांच्या गावच्या गप्पा.

भिंतीवर जहाजांचं महिन्याचं वेळापत्रक लावलेलं असायचं, कुठलं जहाज, किती वाजता लागणार, किती वाजता सुटणार, आणि त्यावर आमचं सगळं आयुष्य चालायचं. नोव्हेंबर ते एप्रिल सीझन. सकाळी नऊला पहिला लोंढा यायचा तो फुकटचं लॉकेट घ्यायला, कारण जहाजावर एक माणूस बंदरातल्या खरेदीचं व्याख्यान देतो आणि दुकानांची नावं छापलेला नकाशा वाटतो. त्या नकाशावर नाव यायला दुकानाला पैसे भरावे लागतात हे प्रवाशांना ठाऊक नसतं, त्यांना वाटतं जहाजवाल्यांनी पारखून सांगितलंय. ज्या छोट्या दुकानांना ते पैसे परवडत नाहीत त्यांच्याकडे माणूस वळतच नाही, माल कितीही चोख असो. माझ्या मते नासायला सुरुवात इथूनच झाली. भरलेले पैसे वसूल करायचे म्हणून भाव चढवायचा, मग अर्ध्यावर आणायचा, आणि गिऱ्हाईकाला ते कळायला लागलं की त्याचा सगळ्या रस्त्यावरचाच विश्वास उडतो.

आमच्या शेजारी कॅमेऱ्याचं दुकान होतं. कॅमेरे स्वस्त मिळतात म्हणून पूर्वी लोक खास त्या गल्लीत यायचे, फोनने तो धंदा पार बसवला. मग सप्टेंबर 2017 ला इर्मा वादळ आलं. पत्रे उडाले, शोकेसमध्ये वाळू, काही मालकांनी विम्याचे पैसे घेऊन पुन्हा उघडलंच नाही. पुढे मार्च 2020 पासून तर जहाजंच थांबली, सव्वा वर्षभर रस्त्यावर चिटपाखरू नाही. जहाजं परत आली, पूर्वीपेक्षा मोठी आली, लोकही भरपूर उतरतात, पण आइस्क्रीम खातात, बोर्डवॉकवर फोटो काढतात, बीचवर पडतात आणि परत जातात.

दर्यावर्दी, मडगाव

आमच्या सासष्टीत घराघरात एक तारवटी, म्हणजे जहाजावर नोकरी करणारा, मीही त्यातलाच, हाउसकीपिंगमध्ये. क्रूबद्दल कोणी लिहीत नाही म्हणून लिहितो. बंदरातल्या दुकानांना आमचाही मोठा आधार होता. प्रवासी सोनं घेणार, आम्ही शॅम्पू, नूडल्स, फोनचं कार्ड, घरी न्यायला चॉकलेट. आणि वायफाय! एक कॉफी घेऊन चारजण तासभर बायकोमुलांशी बोलत बसायचे, मग उठताना लाजेखातर केक घ्यायचे, वरून पैसे पाठवायच्या काउंटरवर रांग. 2022 नंतर जहाजांवर स्टारलिंक, म्हणजे उपग्रहावरून चालणारं वेगवान इंटरनेट, आलं आणि आता पोरं केबिनमध्येच झोपून व्हिडिओ कॉल करतात. ते चांगलंच झालं, घरच्यांशी रोज बोलणं होतं, पण त्या कॅफेवाल्या बायकांचं गिऱ्हाईक गेलं.

खरं कारण मात्र क्रूझ कंपन्यांची स्वतःची बेटं आणि किनारे. रॉयल कॅरिबियनने बहामामधल्या कोकोकेवर 25 कोटी डॉलर ओतून 2019 ला वॉटरपार्क उभा केला, त्याच वर्षी एमएससीचं ओशन के आलं, 2024 ला डिस्नीचं लुकआउट के आणि 2025 च्या जुलैत कार्निवलचं सेलिब्रेशन की. तिथे प्रवासी जहाजाचंच कार्ड दाखवतो, खुर्ची, छत्री, कॉकटेल सगळा पैसा कंपनीच्या खात्यात. स्थानिक लोकांचे थोडे स्टॉल असतात, कोकोकेवर छोटं स्ट्रॉ मार्केट, म्हणजे विणलेल्या टोप्या-पिशव्यांचा बाजार, आहे, नाही म्हणत नाही. पण सात दिवसांच्या सफरीत बंदरं तीन-चारच, त्यातला एक दिवस असा गेला की कुठल्यातरी खऱ्या गावाचा एक दिवस गेला. आणि जहाजं इतकी मोठी झालीत की बंदराच्या दिवशी कितीतरी लोक उतरतच नाहीत, म्हणतात आज पूल रिकामा मिळेल.

ह्युस्टनची मावशी

मला वेगळं वाटतं. इथल्या जवळच्या गॅल्व्हेस्टन बंदरातून मेक्सिकोतल्या कोझुमेल बेटाला जाणं आम्हाला सोयीचं, त्यामुळे बऱ्याचदा होतं. धक्क्यावरून बाहेर पडायला मुद्दाम दुकानांच्या मधूनच वाट काढलेली, आणि पावलापावलावर हाका, मॅडम इकडे या, नमस्ते इंडिया, हातात काहीतरी कोंबणार. सासूबाईंचा हात धरून चालताना जीव नकोसा होतो. सगळीकडे तेच हिरे, तेच टीशर्ट, फक्त बेटाचं नाव बदललेलं. असली दुकानं कमी झाली तर मला वाईट वाटत नाही. कोझुमेलच्या गावात दोन-तीन गल्ल्या आत गेलं की चांगला व्हॅनिला मिळतो, तेवढा मी आणते.

हिरेवाला, बीकेसी

मावशी, तेच हिरे सगळीकडे दिसतात कारण माल येतोच एका वाटेने, सुरत आणि आमचं भारत डायमंड बोर्स, म्हणजे मुंबईतला हिरेबाजार. टांझानाईट या निळ्या-जांभळ्या खड्याचंही तसंच, जगात तो एका टांझानियातच निघतो पण पैलू बरेचदा आपल्या जयपूरला पडतात. मग बेटावरचा दुकानदार सांगणार की खाण संपत आलीय, आत्ताच घ्या.

लॅबमध्ये बनवलेल्या हिऱ्याने खेळ बदलला. 2018 मध्ये अमेरिकेच्या ट्रेड कमिशनने तोही हिराच असं मान्य केलं, मग सुरतेत मशिनं वाढत गेली आणि भाव असे पडले की न्यू जर्सीच्या मॉलमध्येच बाईला मोठा खडा परवडायला लागला. ती कशाला सुट्टीत, सहा तासांत, अनोळखी माणसाकडून हजारोंची वस्तू घेईल? काही बिघडलं तर परत करायला पुन्हा समुद्र ओलांडायचा का? कल्याणकरांसारख्या सेल्समनचा यात दोष नाही.

डॉ. होऊ घातलेली, सेंट किट्स

मी इथे मेडिकलला आहे. जहाज नसलं की राजधानी बासटेअरचं पोर्ट झांटे, म्हणजे क्रूझच्या धक्क्याजवळचा बाजार, सामसूम, बहुतेक शटर बंद, आणि जहाज आलं की तासाभरात जत्रा. गंमत म्हणजे जहाजावरून आधीच टूर बुक केलेले लोक धक्क्यावरून थेट बसमध्ये चढतात, सिनिक रेल्वे बघून येतात आणि परत थेट जहाजात. स्टॉलवाल्या बायका नुसत्या बघत राहतात. माझी घरमालकीण त्यांच्यातली एक, मसाले आणि हॉट सॉसच्या बाटल्या विकते. कोणी काही घेतलं नाही तरी माल तिला सकाळी मांडावा लागतोच आणि संध्याकाळी उचलून न्यावा लागतोच.

एक मात्र चालतं. रॉमनी मॅनोरला बाटिकचं काम होतं तिथे. बायका तुमच्यासमोर कापडावर गरम मेणाने नक्षी काढतात, रंगात बुडवतात, पुन्हा मेण, पुन्हा दुसरा रंग, शेवटी उकळत्या पाण्यात मेण सुटतं आणि खालची पांढरी रेघ दिसते. बघून झालं की लोक काहीतरी घेतातच, आणि तिथे फोन काढून भाव बघणारा मला अजून दिसला नाही.

धागाकर्ती, एडिसन

हे वाचून ठरवलं, पुढच्या वेळी घेईन ते त्या बेटावरच्या माणसाच्या हातचं. मावशी, हाकांचा त्रास मलाही होतो, पण कल्याणकरांचं वाचल्यावर हाक मारणाऱ्या मुलाचा मला आता राग यायचा नाही. कल्याणकर, दुकानं बंद झाली त्यातली आपली मुलं कुठे गेली?

कल्याणकर

ताई, बरीचशी अलास्काला. मे ते सप्टेंबर जहाजं तिकडे वळतात आणि त्यांच्या मागोमाग दुकानंही. केचिकान, जुनो, स्कॅगवे, तिथे तुम्हाला तेच टांझानाईट आणि काउंटरमागे तीच माणसं दिसतील, फक्त अंगात जाड जॅकेट. पूर्वी उन्हाळ्यात अलास्का नि हिवाळ्यात बेट असं वर्ष भरायचं, आता कित्येकांचा हिवाळा रिकामा जातो. काही बेटावरच लग्न करून राहिले, त्यांनी किराणा नाहीतर फोन रिपेअरिंग टाकलं, ते गावातल्याच लोकांवर चालतं, जहाज आलं न आलं तरी. माझा शेठ अजून दुकान उघडतो, पण अर्धा गाळा त्याने आइस्क्रीमवाल्याला भाड्याने दिलाय.